चामड्याच्या शिलाईची जुनी यंत्रे : मालकीचा एक इतिहास

शिवणयंत्राचा इतिहास सांगताना आपल्याकडे डोळ्यांसमोर कापडच असते. दर्जीचे दुकान, मुलीच्या लग्नात दिलेले मशीन, नवरा गेल्यावर त्याच मशीनवर चार पोरे वाढवणारी बाई, अशा कथा आपल्या साहित्यात कमी नाहीत. पण ज्या यंत्राने चप्पल शिवली, बुटाला ठिगळ लावले, पोस्टमनची पिशवी आणि घोड्याचे जीन सांधले, त्या यंत्राची कथा कुणी सविस्तर लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते यंत्र बसस्टँडच्या भिंतीला टेकून उभे असते. त्याच्यामागे बसलेल्या माणसाकडे आपण पाय पुढे करतो, चेहरा फारसा पाहत नाही. यंत्राच्याही वाट्याला तीच उपेक्षा आली आहे.

गेली काही वर्षे आम्ही काही मित्र मिळून ही यंत्रे जमवीत आहोत. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, सोलापूर-कोल्हापूरकडची भंगाराची दुकाने ही आमची ग्रंथालये. परदेशात हा छंद बराच रुजलेला आहे. जुन्या शिवणयंत्रांच्या संग्राहकांची तिकडे आंतरराष्ट्रीय संघटना आहे, लंडनमध्ये एक खाजगी संग्रहालय आहे, स्कॉटलंडमधील क्लायडबँक येथे नगरपालिकेच्या संग्रहालयात शेकडो यंत्रे जतन केलेली आहेत. अमेरिकेत तर हाताने पिशव्या, पट्टे, खोगिरे करणारे हौशी कारागीर शंभर वर्षांपूर्वीची चामड्याची यंत्रे शोधून काढतात आणि त्यांच्यावर रोज काम करतात.

हा नाद करताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. इथल्या भंगारात काय आणि तिकडच्या संग्रहांत काय, चामड्याचे जुने यंत्र म्हणून जे हाती लागते ते बहुधा दुरुस्तीवाल्याचे किंवा लहान खोगीरवाल्याचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये बूट करणारे अवाढव्य कारखाने उभे राहिले. त्यांत तळवे शिवणारी, कडा शिवणारी, चामडे साच्यावर ताणणारी यंत्रे हजारोंनी चालत होती. ती कुठे गेली? लहान मोच्याचे यंत्र शंभर वर्षे टिकले आणि कारखानदाराचे नाहीसे झाले, हे उलटेच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर लोखंडाच्या मजबुतीत सापडत नाही. ते मालकीच्या इतिहासात सापडते, आणि तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ थोडा मागून करू. शिवणयंत्राचे जे पहिले तपशीलवार पेटंट सापडते ते चामड्यासाठीच घेतलेले आहे. लंडनच्या थॉमस सेंट नावाच्या सुताराने १७९० साली ते घेतले. त्यात एक आरी आधी चामड्याला भोक पाडते, मग दुपाखी टोकाची सुई दोरा खाली ढकलते आणि साखळीचा टाका पडतो. म्हणजे मोची दोन हातांनी जे करतो त्याचीच नक्कल. पण त्या पेटंटात बूट, जोडे, सरस, वार्निश असा पुष्कळ पसारा होता. त्यात हे यंत्र असे दडून गेले की सुमारे ८० वर्षे त्याचा कुणाला पत्ता नव्हता. १८७०च्या दशकात न्यूटन विल्सन या शिवणयंत्रांच्या व्यापाऱ्याने ते कागदांतून उकरून काढले आणि त्यावरून प्रतिकृती करवली. ती चालती करण्यासाठी मूळ आराखड्यात फेरफार करावे लागले. सेंटने स्वतः यंत्र बांधले होते की नाही याचा पुरावा नाही. तरी यंत्राने शिवायची कल्पना एवढ्या तपशिलाने प्रथम चामड्यापाशी सुचली, ही गोष्ट कापडाच्या कौतुकात विसरली जाते.

प्रत्यक्षात मात्र कापडाने बाजी मारली. फ्रान्सच्या बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्याने १८३० साली पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी ८० यंत्रे बसवली. १८३१च्या जानेवारीत तिथल्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. पुढे अमेरिकेत एलियस हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली पेटंट मिळवले. सिंगरविषयी आपल्याकडे एक गोड कथा प्रचलित आहे. बायकोचे शिवणकामाचे कष्ट पाहून त्याने यंत्र शोधले, असा उल्लेख गांधीजींनीही केला होता आणि यंत्रांवरील आपल्या टीकेतून या एका यंत्राला त्यांनी सूट दिली होती. इतिहास मात्र या कथेला दुजोरा देत नाही. सिंगर हा फिरता नट होता. बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले दुसऱ्याचे यंत्र पाहून त्याने त्यात सुधारणा केली, आणि त्याच्या कौटुंबिक आयुष्याविषयी न बोललेलेच बरे. गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर चपला करायला शिकले होते. चामड्याचा हात त्यांना ठाऊक होता, हे मात्र खरे.

चामडे यंत्राला लवकर वश का झाले नाही, हे कारागिराला विचारावे. कापडात सुई शिरली की धागे बाजूला सरतात आणि सुई निघाली की पुन्हा जवळ येतात. चामड्यात पडलेले भोक कायमचे. टाका चुकला तर उसवून पुन्हा त्याच जागी शिवता येत नाही. शिवाय चामडे सुईला घट्ट धरून ठेवते, वर येताना तिच्याबरोबर उचलले जाते, आणि मग टाका सुटतो. म्हणून दाबाचा पाय मजबूत हवा, सुईचे टोक गोल नको, पात्यासारखे कापणारे हवे, दोरा मेण लावलेला हवा. मोची दोन सुयांनी शिवतो तेव्हा प्रत्येक भोकातून दोन दोरे आरपार जातात. एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्यात वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि दोघांची गाठ चामड्याच्या पोटात पडते. ती गाठ वर किंवा खाली सरकली की शिलाई कमजोर. उस्ताद कारागीर यंत्राच्या टाक्याला आजही दुय्यम मानतात ते उगीच नव्हे.

आपल्याकडची जुनी कामे पाहिली म्हणजे हे अधिक पटते. विहिरीवरची चामड्याची मोट वादीने, म्हणजे चामड्याच्याच पट्टीने शिवलेली असे. पाण्यात वादी फुगते आणि भोक बंद करते, दोऱ्याला ते जमत नाही. पखाली ज्या पखालीतून वस्तीवर पाणी घालीत, भिश्ती खांद्यावर जी मशक वाहत, त्यांच्या शिलाईतून थेंब गळला तर रोजी बुडाली. कोल्हापुरी चपलेत तर आजही खिळा नाही आणि यंत्राचा टाकाही नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे चामड्याच्याच दोरीने शिवतात. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते या हुन्नरामुळेच. चांभार, ढोर, मोची, जिनगर, पखाली, भिश्ती, या नावांची यादी म्हणजे चामड्याच्या टाक्याचाच इतिहास आहे. त्यात हिंदूही आहेत आणि मुसलमानही. गावकुसाबाहेर किंवा मोहल्ल्याच्या कडेला ठेवलेली ही माणसे. असो.

अमेरिकेतही बूट आधी घरोघरच होत. मॅसॅच्युसेट्समधील लिन हे बुटांचे गाव. पुरुष तळवे ठोकीत, बायका घरी बसून बुटाचा वरचा भाग शिवीत. १८५०च्या दशकात वरचा भाग शिवणारी यंत्रे आली आणि बायकांचे घरचे काम कारखान्यात गेले. मजुरी घसरली. २२ फेब्रुवारी १८६० रोजी, म्हणजे वॉशिंग्टनच्या जयंतीला, लिनच्या मोच्यांनी संप पुकारला. तो न्यू इंग्लंडच्या अनेक गावांत पसरला आणि हजारो लोक त्यात उतरले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वीच्या भाषणात अब्राहम लिंकनने या संपाचा उल्लेख करून मजुराला काम सोडण्याचा हक्क असल्याचे समर्थन केले होते.

तळवा शिवणे अजून बाकी होते. ते लायमन ब्लेक याने १८५८ साली पेटंट घेतलेल्या यंत्राने साधले. बुटाच्या आत शिरणारी शिंगासारखी एक पोकळ भुजा, तिच्यावर बूट चढवायचा आणि गोल फिरवीत तळवा शिवायचा. हे पेटंट गॉर्डन मॅके या उद्योजकाने विकत घेतले. लगेच यादवी युद्ध सुरू झाले आणि सैन्याला लाखो बूट हवे झाले. मॅकेने इथे एक युक्ती काढली, आणि आमच्या मते चामड्याच्या यंत्रांच्या इतिहासातला कळीचा क्षण तो हाच. त्याने यंत्रे विकली नाहीत. ती भाड्याने दिली आणि शिवलेल्या प्रत्येक जोडामागे काही सेंट घेतले. कारखाना दुसऱ्याचा, मजूर दुसऱ्याचा, चामडे दुसऱ्याचे, पण यंत्र मॅकेचे.

या धंद्यात एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. यान एर्न्स्ट मॅट्झेलिगर हा दक्षिण अमेरिकेतील डच गयानाचा, आजच्या सुरिनामचा. आई कृष्णवर्णीय, वडील डच. तो लिनला आला आणि बुटाच्या कारखान्यात यंत्रावर काम करू लागला. शिलाई यंत्राने होत असली तरी बुटाचा वरचा भाग साच्यावर ताणून तळव्यापाशी चुण्या घालून ठोकण्याचे काम हातानेच होई. हे काम करणारे कारागीर दिवसाकाठी पन्नासेक जोड करीत, आणि आपले कौशल्य यंत्राला कधीच जमणार नाही असा त्यांचा दावा होता. मॅट्झेलिगरने दिवसभर राबून, रात्री जागून, पोटाला चिमटा घेऊन यंत्र केले. १८८३ साली त्याला पेटंट मिळाले. ते यंत्र दिवसाला कित्येक पट जोड करी. भांडवल नसल्याने बहुतेक हक्क त्याला दुसऱ्यांना द्यावे लागले. १८८९ साली क्षयाने तो वारला, वय ३६. अमेरिकेने त्याच्या नावाचे टपाल तिकीट काढले ते १९९१ साली.

त्याचे यंत्र ज्या कंपनीकडे गेले ती कंपनी, मॅकेची कंपनी आणि जाड कडेची शिलाई करणारी गुडइयर यंत्रांची कंपनी एकत्र होऊन १८९९ साली युनायटेड शू मशिनरी कंपनी झाली. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे तिचे भावंड उभे राहिले. युनायटेडचा नियम मॅकेचाच: महत्त्वाची यंत्रे विकायची नाहीत, फक्त भाड्याने द्यायची. एक यंत्र घेतले तर बाकीचीही आमचीच घ्या, अशा अटी घातलेल्या असत. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी बेकायदा ठरवल्या. पुढे १९५३च्या निकालात न्यायाधीश वायझॅन्स्की यांनी कंपनीला यंत्रे विक्रीसाठीही ठेवण्याचा आदेश दिला. यंत्र भाड्याचेच असल्यामुळे जुन्या यंत्रांचा बाजार उभाच राहू शकला नव्हता, हीही त्या खटल्यातली एक बाब होती.

आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जे यंत्र कधी विकलेच गेले नाही, ते कुणाच्या घरी राहणार? कारखाना बंद पडला की भाड्याचे यंत्र कंपनीकडे परत. त्याला माळा नाही, अडगळीची खोली नाही, आजोबांची आठवण म्हणून ठेवणारा नातू नाही. ब्लेकच्या पद्धतीची यंत्रे संग्रहालयांत तुरळक दिसतात, काही इटलीत आणि इतरत्र आजही चालतात. पण युनायटेडच्या त्या हजारो यंत्रांपैकी संग्राहकाच्या हाती लागणारे क्वचितच.

मोच्याचे यंत्र वेगळ्या वाटेने गेले. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली हप्त्याने यंत्रे विकायला सुरुवात केली. थोडी रक्कम आधी, बाकी महिन्याच्या महिन्याला. गरीब माणूसही यंत्राचा मालक होऊ लागला. सिंगर कंपनी सोवळी होती असा याचा अर्थ नव्हे. जुने यंत्र परत घेऊन नव्यावर सूट देण्याची योजना तिनेच काढली, आणि परत आलेली यंत्रे फोडून टाकली, जेणेकरून जुन्याचा बाजार वाढू नये. हप्ता चुकला तर यंत्र उचलून नेले जाई. तरी शेवटचा हप्ता फिटला की ते मोच्याचे होई, आणि मोची ते सहजासहजी परत देत नसे.

या मोच्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरने आणलेला वर्ग म्हणजे क्रमांक २९. इंग्रजीत त्याला पॅचर म्हणतात, ठिगळ लावणारे यंत्र. इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या ब्रॅडबरी कंपनीचे ए-वन हे यंत्रही याच घडणीचे. जर्मनीत अॅडलरने ३० क्रमांकाचे केले. स्कॉटलंडमध्ये बनलेल्या सिंगर यंत्रांच्या क्रमांकात ‘के’ हे अक्षर येते. ते किलबोवी या जागेचे, जिथे क्लायडबँकचा कारखाना १८८५ साली सुरू झाला. आमच्याकडची बहुतेक यंत्रे २९के याच वर्गातली आहेत.

त्याची रचना एकदा समजली की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. खालची भुजा लांब आणि निमुळती, टोकाशी जेमतेम अंगठ्याएवढी. तिच्यात बुटाचा पुढचा भाग, पिशवीचा कोपरा, घोट्यापर्यंतचा जोडा सहज चढतो. इतक्या लहान टोकात शटल आणि इवलीशी बॉबिन बसवलेली असते. साध्या यंत्रात खालचे दाते कापड पुढे सरकवतात. इथे दात्यांना जागाच नाही. म्हणून वरचा दाबाचा पायच उचलला जातो, पुढे पाऊल टाकतो आणि चामडे ओढतो. शिवाय तो पाय सुईभोवती पूर्ण गोल फिरतो. म्हणजे चामडे न वळवता शिलाईची दिशा बदलता येते. बुटाच्या आत ठिगळ लावताना बूट कसा वळवणार? म्हणून यंत्रच वळते. दुरुस्ती करणाऱ्याची अडचण ज्याने नीट पाहिली त्यानेच हे केलेले आहे.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. दिसायला दणकट असले तरी हे जाड पट्ट्याचे यंत्र नव्हे. बॉबिन लहान, दोरा बारीक लागतो. जाड जीन-पट्ट्यांसाठी सिंगरचीच ७ आणि ४५के ही वेगळी यंत्रे होती, लीड्सचे पीअरसन होते, अमेरिकेत सेंट लुईसचे लँडिस होते, जे आरीने भोक पाडून आकड्याच्या सुईने शिवते. थॉमस सेंटची आरी शंभर वर्षांनी अशी परत आली! हौशी संग्राहक पॅचरवर दोन बोटे जाडीचे चामडे चढवतात, आणि भुजेतील दातेरी पट्टी झिजवून टाकतात. ती पट्टीच शटल हलवते. ती ढिली झाली की टाके सुटू लागतात. जुने पॅचर घेताना म्हणून आधी चाक हळूहळू फिरवावे आणि शटल किती मोकळे हलते ते बोटाने पाहावे. रंग, सोनेरी वेलबुट्टी नंतर. त्या वेलबुट्टीवर लाखेसारख्या द्रव्याचा पातळ थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो. मशीनचे तेल आणि मऊ फडके, एवढेच तिला मानवते.

क्लायडबँकचा तो कारखाना एके काळी जगातील सर्वांत मोठ्या शिवणयंत्र कारखान्यांपैकी एक होता. १९१३ साली तिथे १३ लाखांच्या आसपास यंत्रे तयार झाली. त्याआधी दोन वर्षे, मार्च १९११ मध्ये, लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या डझनभर बायकांवर कमी माणसांत तेवढेच काम करण्याची सक्ती झाली. त्या काम टाकून बाहेर पडल्या आणि दोन दिवसांत सुमारे ११,००० कामगार त्यांच्यामागे आले. संप मोडला, आणि पुढाऱ्यांसह सुमारे ४०० जणांना काढून टाकले गेले. कारखान्याचा प्रचंड घड्याळाचा मनोरा १९६३ साली पाडला. १९८० साली कारखाना बंद झाला. रेल्वे स्टेशनचे नाव मात्र अजून सिंगर आहे.

यंत्राच्या पायावर कोरलेल्या क्रमांकावरून त्याचे वय काढता येते, कारण क्रमांकांच्या नोंदवह्या वाचल्या. पण त्या तारखा क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याच्या असतात. यंत्र तयार केव्हा झाले, विकले केव्हा गेले, कुणाला, हे त्यात नसते. १९११च्या संपाच्या वर्षातला क्रमांक असलेले यंत्र हाती आले तर संग्राहक हरखून जातात, आणि ते साहजिकच आहे. मात्र त्यावर बसलेल्या मोच्याचे काय?

हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वाढला, तो मुख्यतः एन. एम. पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांच्या हाताखाली. गिऱ्हाईक होते दर्जी. हप्त्याची पद्धत इथेही आली. दर्जींच्या मागून, कमी संख्येने, चामड्याची यंत्रे आली. छावण्यांच्या गावांत त्यांना काम होते: जीन, लगाम, काडतुसांचे पट्टे, साहेबांचे बूट. मोठे काम कानपूरला होई. तिथे १८६०च्या दशकात सरकारी खोगीर-सरंजामाचा कारखाना निघाला आणि १८८०च्या दशकात कूपर अॅलन कंपनी सैन्याचे बूट करू लागली. तिथल्या कामगारांत चर्मकार आणि मुसलमान यांची संख्या मोठी होती. मुंबईत धारावीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तामिळ मुसलमानांनी चामडे कमावण्याचे धंदे काढले, आणि सोलापूरकडचे चर्मकार, पुढे उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर त्या चामड्याच्या वस्तू शिवू लागले. टॅनऱ्या कालांतराने शहराबाहेर गेल्या, शिलाई राहिली. आता तिथे विजेवरची जपानी आणि चिनी यंत्रे घरघरतात. २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर कच्च्या मालाची ओढाताण झाली. यंत्र आहे पण त्याखाली घालायला चामडे नाही, म्हणून रेक्झिन शिवतो, असे सांगणारे कारागीर आम्हांला भेटले आहेत.

दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर बहुधा चिनी पॅचर दिसतो. हाताने फिरवायचा, ओतीव लोखंडाचा, ओबडधोबड, काही हजारांत मिळणारा. जुन्या पॅचरचीच ती ढोबळ नक्कल आहे. संग्राहक नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. ज्याला जुने २९के मिळाले नाही त्याची रोजी या यंत्राने चालवली आहे.

२००० नंतर इंग्लंडमध्ये एक नवीच गोष्ट घडली. ऑलसेंट्स नावाच्या कपड्यांच्या कंपनीने आपल्या दुकानांच्या काचांमागे जुन्या शिवणयंत्रांच्या रांगाच्या रांगा लावल्या, मजल्यापासून छतापर्यंत. देखावा मोठा झोकदार होता, पण त्यातले एकही यंत्र शिवत नव्हते. आपल्याकडेही हॉटेलांत, कॅफेंत पॅचर टेबलाचा पाय म्हणून दिसू लागला आहे. जुन्या लोखंडाची किंमत वाढली हे भंगारवाल्याच्या फायद्याचे. पण मागणी वाढली की दलाल थेट टपरीवर जातो आणि चालते यंत्र उचलतो. मोच्याला दोन महिन्यांची कमाई एकदम दिसते, तो देतो. मग त्या जागी काय येते? बहुधा तेच चिनी यंत्र, किंवा काहीच नाही.

म्हणून आमच्या मंडळींनी दोन दंडक घालून घेतले आहेत. ज्या यंत्रावर माणूस बसलेला आहे ते घ्यायचे नाही, मग ते कितीही दुर्मिळ असो. भंगारात पडलेले, मालक वारला आणि मुले दुसऱ्या धंद्यात गेली असे, तेवढेच घ्यायचे. बरेचदा उलटही होते. भंगारातून आणलेल्या दोन मोडक्या यंत्रांतून एक चालते करतो आणि ते एखाद्या चालू टपरीवर जाते. शटल, सुया, बॉबिन हे सुटे भाग आमच्याकडून कारागीर घेऊन जातात. संग्रह त्यामुळे वाढण्याऐवजी काही वर्षी घटतोही. परदेशी संग्राहक मित्रांना हे विचित्र वाटते.

दुसरा दंडक नोंदीचा. संग्रहालयांच्या पाटीवर कंपनी, वर्ग, वर्ष, गाव एवढे असते. आम्ही वहीत आणखी काही रकाने ठेवले आहेत. यंत्र कुणाचे होते, तो कुठून आला, यंत्र कोणत्या सावकाराकडून किंवा हप्त्यावर घेतले, त्यावर काय काय शिवले, मोडले तेव्हा कुणी सांधले. या शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त मजकूर जमतो. झिजलेली दातेरी पट्टी कारखान्याकडून आणणे कुणालाच परवडत नव्हते. मग गावातल्या लेथवाल्याने पितळेची करून दिली, लोहाराने दाबाच्या पायाला पोलादाचा तुकडा जोडला, सायकलवाल्याने चाकाला मूठ बसवली. शंभर वर्षांच्या यंत्रात मूळ स्कॉटिश भाग किती आणि आपल्या गल्लीचे किती, हे मोजायला बसलो की कधी कधी अर्धे-अर्धे निघते. शुद्धतेचे वेड असलेला संग्राहक असे यंत्र नाकारतो. आम्ही ते भाग बदलत नाही.

वहीत पहिला रकाना अनेकदा रिकामा राहतो. भंगारवाल्याला वजन आठवते, माणूस आठवत नाही. तेव्हा यंत्रच निरखतो. डाव्या बाजूचा रंग कुठे घासला गेला आहे, पायडलवर कोणता पाय ठेवला जात होता, मुठीची झीज उजव्या हाताची की डाव्या. सोलापूरकडून आलेल्या एका पॅचरच्या भुजेखाली रापीने खरवडलेल्या उभ्या रेघा आहेत, पाच-पाचांच्या गटांत, एकूण साठ. हप्त्यांचा हिशोब असावा, असे आमच्यातील एका जुन्या कारागिराचे म्हणणे आहे. शेवटच्या गटाखाली एक आडवी रेघ ओढलेली आहे.